पट्टीची साक्ष

विजयादशमीच्या सकाळी आपल्याकडील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या आवारात क्षणभर उभे राहिले, तर मोटारगाडीविषयी मराठी मध्यमवर्गाच्या अंतःकरणात वसणाऱ्या भक्तिभावाचे जे मनोहर दर्शन घडते, त्यावरून एखाद्या परकीय प्रवाशाचा असा सहज समज व्हावा की, यंत्राची इतकी निगा राखणारा समाज भूतलावर दुसरा नसेल. गाडीला अभ्यंगाखेरीज सर्व प्रकारचे स्नान घातलेले असते. बॉनेटावर कुंकवाचे स्वस्तिक रेखलेले असते. झेंडूची माळ, आपट्याची पाने, चाकाखाली चिरडण्यासाठी ठेवलेली लिंबे हे सारे यथासांग असते. आणि नारळ फोडून त्याचे पाणी ज्या बॉनेटावर शिंपडले जाते, ते बॉनेट मागील दसऱ्यापासून या दसऱ्यापर्यंत धन्याच्या हातून एकदाही उघडले गेलेले नसते. अभ्यंगाचा अपवाद मी बुद्ध्याच नमूद केला आहे. कारण अभ्यंगाला तेल लागते, आणि तेल हा पदार्थ गाडीला नेमका कोठून घालतात, याविषयी या भाविक मंडळींत एकवाक्यता आढळत नाही.

दर शनिवारी मारुतीच्या मस्तकावर पळीभर तेल वाहिल्यावाचून अन्नाला स्पर्श न करणारे कित्येक सद्गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. १९८३ साली जी दुसरी मारुती या देशाच्या रस्त्यांवर अवतरली आणि जिचे वंशज आज त्यांच्या दारात उभे आहेत, तिला मात्र ते महिनोन्महिने कडकडीत उपवास घडवतात. यात कृपणता आहे असे म्हणावे, तर याच मंडळींनी गाडीच्या आसनांना नवी आच्छादने शिवलेली असतात, आत सुगंधाची कुपी टांगलेली असते आणि समोर गणपती बसवलेला असतो. आळस म्हणावा, तर रविवारी सकाळी तास-दीड तास ते गाडी पुसत असतात. खरे कारण निराळेच आहे. इंजिनातील तेलाची तपासणी ही गोष्ट मालकाकडून पूजा मागत नाही, पैसा मागत नाही, विद्वत्ता मागत नाही. ती फक्त एवढेच मागते की, त्याने अधूनमधून जाऊन पाहावे. आणि नुसते पाहणे या क्रियेला आपल्या समाजात कोणतीच प्रतिष्ठा नाही. आपण एखाद्या गोष्टीची आराधना करू, तिच्यावर वाद घालू, तिच्यासाठी समिती नेमू, तज्ज्ञाला पाचारण करू. परंतु उठून, वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे हे काम कोणा दुसऱ्याचे आहे, अशी आपली परंपरागत श्रद्धा आहे.

आता हेही कबूल केले पाहिजे की, बॉनेट उघडणे हाच मुळी या विधीतील एक कठीण संस्कार होय. त्यासाठी चालकाच्या गुडघ्यापाशी, अंधारात, चाचपल्यावाचून सापडणार नाही अशा ठिकाणी एक खटका असतो. पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडणारा दुसरा खटका पुष्कळ गाड्यांत त्याहून हाताशी असतो. आणि मनुष्याचा हात स्वभावतःच सोप्या मार्गाकडे वळत असल्यामुळे, गाडीच्या पुढच्या बाजूस कौतुकाने उभ्या राहिलेल्या कुटुंबीयांना मागच्या बाजूने 'टक्' असा आवाज ऐकू येतो. यथावकाश योग्य खटका ओढला जातो, बॉनेट बोटभर उचलले जाते आणि तेथेच अडते. कारण त्याच्या ओठाखाली आणखी एक आकडा असतो, जो धावत्या गाडीचे बॉनेट वाऱ्याने उघडून काचेवर आदळू नये म्हणून दूरदर्शी अभियंत्यांनी योजला आहे आणि जो उभ्या गाडीच्या मालकालाही तितक्याच निष्ठेने दाद देत नाही. त्या फटीत बोटे घालून डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे चाचपडणाऱ्या गृहस्थाची मुद्रा अशी काही होते की, गाडी त्याचीच आहे ना, असा संशय येणाऱ्या-जाणाऱ्याने घ्यावा; आणि नवा वॉचमन असला, तर तो घेतोही.

एकदाचे बॉनेट उघडून लोखंडी काडीवर टेकवले की आतील दृश्याने बहुतेकांचा भ्रमनिरास होतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून जी पद्मिनी बाहेर पडत असे, तिचे बॉनेट उघडले की इंजिन दिसे. इतकेच नव्हे, तर इंजिनाच्या आजूबाजूने खालचा रस्ताही दिसे, आणि मिस्त्री कमरेपर्यंत आत उतरून काम करीत असता बाहेर फक्त त्याचे पाय उरत. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईची सेवा करून ही पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, आणि सकाळच्या बोहनीपूर्वी तेलाची पट्टी काढून पाहण्याची तिच्या सारथ्यांची सवयही तिच्याबरोबरच बरीचशी निवृत्त झाली. आजच्या गाडीत इंजिनावर काळ्या प्लास्टिकचे एक भव्य झाकण असते, त्यावर कंपनीचे नाव कोरलेले असते, आणि सबंध बंदोबस्तावरून मालकाला एवढेच कळते की, येथे आपले काही काम नाही. तथापि या बंदोबस्तातही मालकाच्या वहिवाटीसाठी म्हणून दोन-चार जागा राखून ठेवलेल्या असतात: काच धुण्याच्या पाण्याचे भांडे, कूलंटची टाकी, तेल घालण्याचे झाकण आणि बहुधा पिवळ्या किंवा नारिंगी रंगाच्या कडीने डोके वर काढून बसलेली ती तेलाची पट्टी.

ही पट्टी ज्या चेंबरात बुडालेली असते, तेथील तीन-चार लिटर तेलावर गाडीचे सारे आयुष्य अवलंबून असते. महामार्गावरून गाडी सुखाने धावत असता आतील मुख्य दांडा मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याचा अर्थ असा की, प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जाऊन ५० वेळा खाली येतो. आणि आपण मागच्या आसनावरील मंडळींशी घाटातील वड्याची चर्चा करीत असता या सगळ्या धावपळीत लोखंडाचा लोखंडाला स्पर्श होऊ नये, म्हणून केसाहूनही कितीतरी पातळ असा तेलाचा एक पापुद्रा मध्ये उभा राहिलेला असतो. पंप त्याला वर चढवतो, फिल्टर त्याला गाळतो, बेअरिंगे आणि कॅमशाफ्ट न्हाऊन तो पुन्हा खाली उतरतो, आणि उतरताना उष्णता, काजळी आणि धातूची बारीक धूळ बरोबर घेऊन येतो. हा मध्यस्थ रुसून निघून गेला की जे भांडण जुंपते, त्याचा निवाडा मिस्त्री ज्याला 'हाफ इंजिन काम' म्हणतात त्याने झाला तर मालकाचे दैव चांगले म्हणावे.

पूर्वसूरींना याची जाणीव आपल्याहून अधिक होती, कारण त्यांना ती जमिनीवर आडवे पडून करून घ्यावी लागे. १९०८ ते १९२७ या काळात हेन्री फोर्डने दीड कोटी मॉडेल टी गाड्या विकल्या, आणि त्या गाडीला तेलाची पट्टीच नव्हती. इंजिनाच्या तळाशी, मागच्या अंगाला एकाखाली एक अशा दोन तोट्या होत्या. मालकाने गाडीखाली सरपटत जावे आणि वरची तोटी उघडावी. तेल अंगावर आले तर समजावे की, साठा भरपूर आहे. वरून काही न आले तर खालची उघडावी. तेथूनही न आले तर गाडी चालू करण्याचा विचार तहकूब करावा. म्हणजे शुभवार्ता कळली याची खूण म्हणून सदरा खराब व्हावा, अशी ती व्यवस्था होती.

विमानाच्या सारथ्यांचे हाल याहून वेगळे. पहिल्या महायुद्धातील ज्या विमानांत सिलिंडरांसह सबंध इंजिनच गरगर फिरे, त्यांत एरंडेल घालीत. कारण ते पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही. मात्र एकदा वापरलेले तेल परत गोळा करण्याची सोय या इंजिनांत नव्हती. ते धुराबरोबर मागे उडे, आणि मागे उघड्यावर वैमानिक बसलेला असे. शत्रूच्या गोळीला न डगमगणारे ते वीर नाकातोंडातून गेलेल्या एरंडेलापुढे मात्र हतबल होत आणि विमान उतरताच धावपट्टीवरून त्वरेने अदृश्य होत. ज्यांना बालपणी आजीने नाक दाबून तोच पदार्थ पाजला आहे, त्यांना या शौर्याचे मोल अधिक सांगण्याची गरज नाही.

या साऱ्या यातनांतून मानवजातीची सुटका करणारी वस्तू म्हणजे ती पोलादी पट्टी होय. तिचा विधी असा: गाडी सपाट जागी उभी असावी, इंजिन तापवून बंद केलेले असावे, आणि वर चढलेले तेल ओघळून चेंबरात उतरावे म्हणून पाच-दहा मिनिटे थांबावे. काही कंपन्या सकाळच्या थंड इंजिनावरच पाहा असे सांगतात. ज्याने त्याने आपल्या गाडीची पोथी वाचावी. यांपैकी सपाट जागेची अट आपल्या इमारतींच्या तळमजल्यावर पाळणे दुर्घट आहे, कारण पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून तेथे उतार ठेवलेला असतो, आणि पाणी न वाहता साचते ती जागाच काय ती सपाट सापडते. पाच-दहा मिनिटे स्वस्थ थांबण्याची अट तर भरतखंडात कोठेही पाळली जाईल, अशी आशा करण्यात अर्थ नाही.

मग पट्टी बाहेर काढावी. आणि नवशिक्याच्या हातून विधीचे मर्म निसटते ते येथेच. पहिल्यांदा बाहेर आलेल्या पट्टीवर तेल कोठवर आहे, हे पाहावयाचेच नसते. इंजिन फिरताना उडालेले तेल नळीच्या अंगाला लागलेले असते आणि पट्टी ते स्वतःच्या अंगावर माखून घेऊन येते. सबब तिची ही पहिली जबानी ग्राह्य धरता येत नाही. ती साफ पुसून टाकावी, पट्टी पुन्हा बुडापर्यंत आत घालावी आणि साक्षीदाराला दुसऱ्यांदा पाचारण करावे. त्या खेपेस तो जे सांगेल तेच सत्य. आमच्याकडील न्यायदेवतेचा शिरस्ता याच्या नेमका उलटा असल्यामुळे, म्हणजे पहिली जबानी उत्स्फूर्त आणि दुसरी वकिलाने पढवलेली असे मानण्याची सवय असल्यामुळे, हा नियम पुष्कळांच्या गळी उतरत नाही; आणि ते पहिल्याच दर्शनावर समाधान मानून पट्टी परत खुपसून देतात.

पट्टी पुसावयास फडके लागते, आणि त्या फडक्यावरून घरात जो प्रसंग उद्भवतो, त्याचा उल्लेख कोणत्याही कंपनीच्या माहितीपुस्तिकेत नाही. एरवी जे चिंधी म्हणून संबोधले जात असते, ते गृहस्थाच्या हातात पडून बॉनेटाच्या दिशेने निघाले की, तत्क्षणी 'चांगले' फडके ठरते. वर्तमानपत्राने पुसावे, तर आजचे अद्याप वाचून व्हावयाचे असते. सुताचे धागे सुटणारा कपडा तर शास्त्रानेच वर्ज्य केला आहे, कारण धागा पट्टीबरोबर आत जातो. गॅरेजात यासाठी सुताचा गुंता वापरतात, ज्याला ते 'वेस्ट' म्हणतात. पण ती मंडळी अनुभवाने निर्भय झालेली असतात.

एवढे सव्यापसव्य करून पट्टी दुसऱ्यांदा बाहेर येते, तोवर मालक एकटा राहिलेला नसतो. उघडे बॉनेट म्हणजे पुण्यात खुले अधिवेशन होय; त्यास निमंत्रण लागत नाही. पाटबंधारे खात्यात धरणांतील साठे मोजण्यात ज्यांची हयात गेली, असे एक निवृत्त कार्यकारी अभियंता पट्टी उजेडाकडे धरून साठा समाधानकारक असल्याचा अभिप्राय देतात. बँकेतून निवृत्त झालेले काका पट्टीवरील दोन खुणांपैकी खालच्या खुणेकडे बोट दाखवून विचारतात, "म्हणजे मिनिमम बॅलन्स हाच ना?" आणि तेलाचा रंग दृष्टीस पडताच सभा दुभंगते.

"अहो, काळं झालंय की पार! बदला, बदला."

"काळं झालंय म्हणजे काम करतंय, काका. काजळी धरून ठेवणं हेच तर त्याचं काम."

"आमच्या वेळी मधासारखं असायचं."

"तुमच्या वेळी ती काजळी इंजिनातच राहायची."

यांतील दुसरा पक्ष शास्त्रदृष्ट्या बरोबर असतो. तेलात मळ सोडवणारी द्रव्ये मिसळलेली असतात, ती काजळीला बसू देत नाहीत, तरंगत ठेवतात. आणि डिझेलच्या गाडीत तर नवे तेलदेखील अल्पावधीतच काळे पडते. खरोखर धसका घेण्याजोगा रंग एकच, आणि तो म्हणजे दूध घातलेल्या कॉफीचा. कारण हेड पॅकिंग जाऊन पाणी तेलात मिसळल्याची ती खूण असण्याचा संभव असतो. परंतु रंगाच्या या शास्त्रार्थात तेल दोन खुणांमध्ये आहे की नाही, हा मूळ प्रश्न कोणालाच आठवत नाही, आणि सभा चहासाठी विसर्जित होते.

"पण एवढी यातायात कशासाठी? तेल कमी झालं तर समोर लाल दिवा लागतोच की," असा युक्तिवाद करणारा एक तरुण वर्ग अलीकडे उदयास आला आहे. त्या दिव्यावरील चित्र नीट पाहावे: ती एक झारी आहे, आणि तिच्या नळीच्या टोकाशी एक थेंब लोंबतो आहे. हा दिवा तेलाची पातळी सांगत नाही. तो तेलाचा दाब सांगतो, आणि दाब बहुधा तेव्हाच ढासळतो जेव्हा पंपाच्या तोंडी तेलाऐवजी हवा येऊ लागलेली असते किंवा पंपानेच मान टाकलेली असते. म्हणजे हा इशारा नव्हे, हा पंचनामा होय. तो लागताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, एवढेच हातात उरते. बळीच्या यज्ञात दानाचे पाणी अडले, तेव्हा झारीच्या नळीत शुक्राचार्य बसले आहेत हे वामनाने ओळखले आणि दर्भाची काडी नळीत घातली. नळीत काडी घालून आतील परिस्थितीचा शोध घेण्याचा आपल्या पुराणांतील हा आद्य प्रयोग असावा. त्यात शुक्राचार्यांचा एक डोळा गेला खरा. पण वामन दिवा लागण्याची वाट पाहत बसला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आणि आता तर ती काडीच नाहीशी होण्याची लक्षणे दिसत आहेत. बीएमडब्ल्यू, ऑडी आदी घराण्यांच्या काही गाड्यांतून पट्टी काढून टाकण्यात आली असून तेथे तेलाची पातळी एक यंत्र मोजते आणि पडद्यावर आकृती काढून दाखवते. श्रीमंतांना अशा रीतीने न पाहण्याचा अधिकार रीतसर विकत मिळू लागला आहे; बाकीचे तो फुकट बजावत आहेत.

समजा, इतक्या सगळ्या अडचणींतून पार पडून तेल खालच्या खुणेपाशी आल्याचे निदान झालेच, तर पुढचा मुक्काम दुकानाचा. पुण्याच्या नाना पेठेत मोटारीच्या सुट्या भागांची जी दाट वस्ती आहे, तेथे तेलाच्या डब्यांच्या रांगांसमोर उभे राहिले की अक्षरे आणि आकडे यांचे एक नवेच बीजगणित सुरू होते: वीस-पन्नास, वीस-चाळीस, पाच-तीस, शून्य-वीस. पहिल्या आकड्याला चिकटलेला 'डब्ल्यू' हा हिवाळ्याचा. थंडीत इंजिन फिरवताना तेल किती जड जाते, हे त्यावरून ठरते. आणि दुसरा आकडा १०० अंश सेल्सियसला त्याचा दाटपणा किती उरतो ते सांगतो. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने ही प्रतवारी लावून दिली आहे. २०डब्ल्यू तेलाची कसोटी उणे १५ अंशांत घेतात आणि ०डब्ल्यू तेलाची उणे ३५ अंशांत. पुण्यात पारा नऊ अंशांवर आला की सारे शहर माकडटोपीत शिरते. तेव्हा उणे ३५ अंशांची तयारी असलेल्या तेलाकडे पाहून गिऱ्हाईक भारावते आणि आपली गाडी उद्या लेहच्या पलीकडे न्यावयाची असल्यासारखे ते उचलते. याउलट ज्येष्ठ पिढीचा विश्वास दाटपणावर. 'पाण्यासारखं पातळ हे कसलं तेल?' हा त्यांचा प्रश्न. आणि नव्या इंजिनांतील फटीच मुळी अरुंद असतात, त्यांत पातळ तेल चटकन पोहोचावे अशी योजना आहे, हे उत्तर त्यांना धूर्त व्यापाऱ्याची मखलाशी वाटते. कोणते तेल घालावे हे कंपनीच्या पुस्तिकेत एका ओळीत छापलेले असते. पण ती पुस्तिका गाडीच्या खणात, प्लास्टिकच्या मूळ वेष्टनात, अस्पर्शित कौमार्य राखून असते.

तेल घरी आले, झाकण उघडले, नसराळे लावले, की मराठी माणसाच्या स्वभावातील सर्वांत उदात्त आणि इंजिनाच्या दृष्टीने सर्वांत घातक असा गुण जागृत होतो; तो म्हणजे आग्रह. खालच्या आणि वरच्या खुणांमधील अंतर बहुतेक गाड्यांत सुमारे एक लिटर तेलाचे असते. म्हणून थोडे घालावे, थांबावे, पट्टी पाहावी, पुन्हा थोडे घालावे, असा क्रम सांगितलेला आहे. परंतु ज्या हातांनी आयुष्यभर पंगतीत जिलबी वाढली, त्या हातांना 'थोडे' ही कल्पनाच अपमानास्पद वाटते. पाहुण्याला घ्या-घ्या म्हणून गळ घालावी, त्याने नको-नको म्हणावे आणि नको म्हणत असतानाच पानात पडावे, हा जो आपला आतिथ्यधर्म, तो नसराळ्याच्या तोंडापाशी उभा राहून गृहस्थ इंजिनाला लागू करतात. शेजारी आहेतच: "अहो, ओता सगळं, उरलेलं काय डब्यात ठेवून त्याचं लोणचं घालणार?" पंगतीतल्या पाहुण्याला निदान पानावर आडवा हात धरता येतो, इंजिनाला हात नाहीत. वरच्या खुणेच्या फार पलीकडे तेल गेले, की फिरता दांडा त्यात बुडून ते ताकासारखे घुसळू लागतो, तेलाला फेस येतो, फेसाने पंपाची फसगत होते, दाब पडतो, आणि ज्या अनर्थाच्या भयाने तेल घातले तोच अनर्थ तेल जास्त झाल्यामुळे दारात येऊन उभा राहतो. शिवाय ऑइल सीलांतून गळती लागते ती निराळी. मिस्त्री मग खालचा नट सैल करून जादा तेल काढतो आणि अतिथीचे अजीर्ण काढल्याचे पैसे यजमानाकडून घेतो.

ज्यांना हा सर्व खटाटोप नको असतो, ते पेट्रोल पंपावर गाडी उभी करून खिडकीची काच चार बोटे खाली घेतात आणि "ऑइल-पाणी बघू का साहेब?" या प्रश्नाला मान डोलावतात. पाहण्याचे काम पराधीन केल्यावर पाहणाऱ्याच्या नजरेला जे दिसेल ते मानणे भागच असते. पट्टी नळीत पुरती न दाबता बाहेर काढली की तेल कमी दिसते, हे गुह्य ज्ञान ज्या चतुर पोऱ्याला अवगत असते, तो चिंताग्रस्त चेहऱ्याने पट्टी खिडकीपाशी आणतो. साहेब जागचे न उठता चष्म्यावरून तिच्याकडे पाहतात, आणि भरल्या घरात आणखी एक लिटर जाऊन पडते. तेलाची पट्टी खोटे बोलत नाही. फक्त ती कोणाच्या हातात आहे, एवढे पाहावे लागते.

उलटपक्षी गाडी खरोखरच तेल पिऊ लागली, तर ते मान्य करणारा मालक अद्याप जन्मास यावयाचा आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, व्हॉल्व्हची सीले कडक झाली, की तेल जळणाच्या खोलीत शिरते आणि मागून निळसर धूर निघतो. काळा धूर पेट्रोल जास्त झाल्याचा, पांढरा दाट धूर पाणी आत शिरल्याचा आणि निळा तेल जळल्याचा, ही धुराची नाडीपरीक्षा नाक्यावरच्या कोणत्याही मिस्त्रीला येते. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत तर हजार किलोमीटरमागे एक लिटरपर्यंत तेल खर्ची पडणे गैर नाही, असा मजकूर आढळतो. म्हणजे गणपतीसाठी मुंबईहून सिंधुदुर्गात जाऊन परत येईपर्यंत पट्टीवरील दोन खुणांमधला सगळा साठा पुस्तिकेच्या पूर्ण संमतीने नाहीसा होऊ शकतो. तरीही मागून येणाऱ्याने धुराकडे बोट दाखवले, तर मालक आरशात पाहून शांतपणे म्हणतात, "कोकणात धुकं असतंच हो."

या समस्त परिस्थितीवर पुष्कळ चिंतन केल्यानंतर मला जो उपाय सुचला आहे, तो मी सरकारच्या विचारार्थ सादर करतो. प्रदूषणाच्या दाखल्याच्या धर्तीवर 'तैलपातळी तपासणी दाखला' तातडीने जारी करण्यात यावा. त्याची मुदत सहा महिने असावी. अर्ज तीन प्रतींत असावा. सोबत गाडीच्या नोंदणीची साक्षांकित नक्कल आणि मालकाची दोन छायाचित्रे जोडलेली असावीत. आणि शुल्क इतके असावे की, ते भरल्याचे चारचौघांत सांगता यावे. जी गोष्ट फुकट, घरच्या घरी आणि दोन मिनिटांत होत होती म्हणून कोणी करीत नव्हते, तिच्यासाठी मग पहाटेपासून रांगा लागतील. दलाल अवतरतील, दाखल्याच्या फाईलीला लागणारे वंगण इंजिनाच्या वंगणाहून महाग पडेल, पण काचेवर चिकटवण्यास एक गोल चकती मिळत असल्यामुळे तक्रार अशी कोणाचीच राहणार नाही. राज्यातील एकूण एक गाड्यांचे तेल सरकारी दप्तरात दोन खुणांच्या बरोबर मध्यभागी नांदू लागेल. आणि दाखला हाती असूनही ज्या कोणास बॉनेट उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पट्टी पाहण्याची दुर्बुद्धी होईल, त्याच्याकडून शासनाच्या शब्दावर अविश्वास दाखवल्याबद्दल सात दिवसांच्या आत लेखी खुलासा मागवण्यात येईल.